साडेछत्तीस माणसं

काकांना चक्रम म्हणणारी माणसं मला आजही नावानिशी सांगता येतील. सांगणार नाही, कारण त्यातली निम्मी आता आजोबा झाली आहेत आणि नातवंडांबरोबरच्या फोटोत फार सज्जन दिसतात. पण या मंडळींनी आयुष्यात एकही गोष्ट कधी स्वतः तपासून पाहिली नाही, आणि जो तपासत होता त्याला चिवड्याच्या बशा हातात घेऊन हसत राहिली. त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. माझ्यावरचाही गेलेला नाही, पण त्याचं पुढे येईल.

काका म्हणजे माझे घरमालक. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरांमध्ये एक विद्यापीठाचं गाव आहे. त्र्याऐंशीच्या ऑगस्टात मी सांगलीहून तिथे एम.एस. करायला गेलो आणि त्यांच्या तळघरात राहू लागलो. आम्ही तिघे विद्यार्थी खाली, आणि वर काका आणि त्यांची मुलगी मीनल. काकू मी जायच्या दोन वर्षं आधी वारल्या होत्या. काका विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे नमुने यंत्राखाली दाबून फोडायचे, किती भाराला फुटले ते लिहायचे आणि खाली सही करायचे. साठ सालच्या सुमाराला ते नागपूरहून पीएच.डी. करायला आले होते. ती पूर्ण झाली नाही. कारण असं की, त्यांच्या मार्गदर्शकाच्या पुस्तकात एक कोष्टक होतं. ते यांनी पुन्हा मांडून पाहिलं, चुकीचं निघालं, आणि हे गृहस्थ ते त्याला सांगायला गेले. कुणी मागितलं होतं सांगायला? पण त्यांना तसं विचारलं की ते खरोखर गोंधळून जायचे. "म्हणजे? चुकलं होतं ना पण ते," एवढंच म्हणायचे.

शर्टाच्या खिशात लोखंडी टेप कायम. आपण काहीही सांगितलं, उदाहरणार्थ आज खूप बर्फ पडलंय, की त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा: "मोजलं का बे?" मग स्वतः बाहेर जाऊन मोजायचे. परत येऊन आकडा सांगायचे. आपला अंदाज जवळपास बरोबर निघाला, तर आपल्यापेक्षा त्यांनाच जास्त आनंद व्हायचा.

हे सगळं ठीक होतं. लोक हसायचे ते त्यांच्या छंदाला. इतरांच्या दिवाणखान्यात टी.व्ही. असायचा, तिथे यांच्याकडे फायलींची चार खणांची कपाटं होती, आणि त्यात भरलेली होती इंग्रजांची गूढं. स्कॉटलंडच्या तळ्यातला तो लांब मानेचा प्राणी. लंडनच्या टॉवरमधून नाहीसे झालेले दोन राजपुत्र. माळावर कुणी कसे उभे केले कळत नाही असे ते प्रचंड दगड. जे जे म्हणून इंग्रजांनी जगाला डोळे मोठे करून सांगितलं, ते ते काका रविवारी सकाळी टेबलावर घ्यायचे आणि त्याला टेप लावायचे. ग्रंथालयातून दूरदूरची पुस्तकं मागवायचे. तिथल्या लोकांना पत्रं लिहायचे. त्या राजपुत्रांची म्हणून जिन्याखाली सापडलेली हाडं कोणी मोजली, कोणत्या साली मोजली, मोजताना तिथे आणखी कोण होतं? उत्तरं यायचीही, आणि फार सभ्य असायची. आपल्या लोकांपेक्षा त्या अनोळखी इंग्रजांनीच त्यांना जास्त गांभीर्यानं घेतलं, हे मला नमूद करून ठेवायचंय.

भारतात जाताना मात्र त्यांनी कधी लंडनमार्गे तिकीट काढलं नाही. फ्रँकफुर्टवरून जायचे, वेळ जास्त लागला तरी. "साक्षीदाराच्या घरी चहा पिऊ नये," म्हणायचे.

एका रविवारी आम्हा तिघांनाही आंघोळ मिळाली नाही. काका बाथरूममध्ये सकाळी आठला शिरले होते. टब काठोकाठ भरलेला, कडेला स्टुलावर कॅमेरा, आणि पाण्यात उभी धरलेली काकूंची आमटीची पळी. तळ्यातल्या प्राण्याचा जो प्रसिद्ध फोटो आहे तो भिंतीला चिकटवलेला.

"मानेकडे बघू नको बे, पाण्याकडे बघ," मला म्हणाले. "मान कोणी काहीही बनवेल. पण पाण्याच्या लाटेला आपलं माप असते. हे बघ, या वळ्या किती जाड दिसून राहिल्या. मान एवढी मोठी असती तर त्या बारीक दिसल्या असत्या."

"म्हणजे तो प्राणी नाहीच?"

"मी असं कुठं म्हटलं? या फोटोतली वस्तू फूट-दीड फुटाची आहे, एवढंच म्हटलं. तळ्यात काय आहे ते तळं मोजल्यावर सांगू."

हे त्यांचं सगळ्यात अवघड वळण होतं. जेवढं मोजलं तेवढंच बोलायचे, त्यापुढे एक अक्षर नाही. लोकांना अशी माणसं आवडत नाहीत. लोकांना एक तर भूत आहे असं सांगणारा हवा असतो, नाही तर भूत नाही असं ठणकावणारा.

पण या सगळ्या फायली म्हणजे सराव होता, असं नंतर माझ्या लक्षात आलं. खरी फाईल एकच. कलकत्त्याची अंधारकोठडी. सतराशे छप्पन साली बंगालच्या नवाबानं इंग्रजांचा किल्ला घेतला आणि एकशे शेहेचाळीस कैद्यांना एका लहानशा कोठडीत कोंडलं. सकाळी दार उघडलं तेव्हा तेवीस जिवंत होते. असं त्यातून वाचलेल्या एका अधिकाऱ्यानं लिहून ठेवलं, आणि मग दीडदोनशे वर्षं ते इंग्रजांनी जगभर शिकवलं, की बघा, असल्या क्रूर लोकांवर आम्ही राज्य करतोय ते त्यांच्याच भल्यासाठी. नागपूरला काका शाळेत होते तेव्हा राज्य इंग्रजांचंच होतं. मास्तरांनी धडा वाचला. यांनी हात वर करून विचारलं, "सर, अठरा फुटांच्या खोलीत एवढी माणसं मावतील का?" मास्तर आपलेच, धोतरातले. त्यांनी उत्तर म्हणून दोन्ही हातांवर छड्या दिल्या.

"छड्यांचं काही नाही," काका सांगायचे. "पण त्यानं उत्तर नाही दिलं ना बे. हो तरी म्हणायचं, नाही तरी म्हणायचं." मग आवाज चढायचा. एरवी हळू बोलणारा माणूस, पण या फाईलपाशी आला की टेबलावर मूठ आपटायचा. "यांच्या दंतकथा आम्ही इतिहास म्हणून पाठ करायच्या, आणि आमचा इतिहास यांनी दंतकथा म्हणून हसण्यावारी न्यायचा! मावणार नाहीत. शक्यच नाही. दोनशे सदुसष्ट चौरस फूट जागा, माणशी दोन फूटसुद्धा येत नाही!"

आणि नेमका तोच मजकूर चौऱ्याऐंशी साली मीनलच्या इतिहासाच्या पुस्तकात निघाला. चौकट करून, वर कोठडीचं चित्र काढून. मीनल तेव्हा सोळा वर्षांची. जन्म तिथलाच, मराठी समजायची पण उत्तर इंग्रजीत द्यायची, शाळेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. वर्गातल्या दोघांनी तिला मधल्या सुट्टीत विचारलं, की तुमचे लोक असंच करतात का. ती घरी येऊन बापाला काही बोलली नाही, पण तिनं निबंध लिहिला. त्यात लहानपणापासून ऐकलेलं सगळं उतरवलं: एवढ्या जागेत एवढी माणसं मावणं शारीरिकदृष्ट्या अशक्य आहे. बाईंनी त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि समासात विचारलं, 'हे तपासून पाहिलंस का?'

मीनल रडकुंडीला आली होती. तिला वाटलं आता बाबा शाळेत जाऊन भांडणार. काकांनी निबंध वाचला, ती लाल रेघ पुन्हा वाचली आणि खुर्चीत टेकून बसले.

"बाई बरोबर आहे," म्हणाले. "चाळीस वर्षं मी बोंबलून राहिलो, आणि मोजलं कुठं?"

"बाबा, यू आर सपोज्ड टू बी ऑन माय साइड," मीनल म्हणाली.

"तुझ्याच बाजूनं आहे. म्हणूनच मोजू."

मोजायचं म्हणजे माणसं हवीत. आमच्या गावातलं मराठी मंडळ केवढंसं, दहाबारा घरं आणि आम्ही विद्यार्थी. दिवाळीचं जेवण चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी असायचं, चाळीसपंचेचाळीस डोकी जमायची. काकांनी हिशेब केला. लांबी निम्मी, रुंदी निम्मी, म्हणजे जागा पाव. नऊ फूट बाय सात फूट पाच इंच. एकशे शेहेचाळीसचा पाव म्हणजे साडेछत्तीस माणसं. ते अर्ध माणूस कुठून आणायचं यावर आम्ही तळघरात दोन दिवस हसलो. काका हसले नाहीत. "सदतीस घेऊ. आपल्याला सूट नको," म्हणाले. पण माणसं वाढली की मावणं अवघड, म्हणजे सूट आपल्यालाच; प्रयोग आपल्याला हवा तसा ओढून नेलाय असं कुणी म्हणायला नको असेल, तर उलट छत्तीसच घ्यायला हवी होती. हे मी त्यांना दाखवून दिल्यावर ते दचकले, आणि वहीत दोन्ही आकडे लिहून ठेवले. छत्तीसला काय होतं आणि सदतीसला काय होतं, दोन्ही बघू.

मंडळाचे अध्यक्ष पुण्याचे, एका मोठ्या कंपनीत वरच्या जागेवर. त्यांनी ही कल्पना ऐकताक्षणी हातात घेतली. "काका, धिस इज फँटॅस्टिक! आपण प्रूफ घेऊन स्कूल बोर्डाकडे जाऊ. पुस्तकातून ते पानच काढायला लावू. आपल्या मुलांनी काय म्हणून ऐकून घ्यायचं?" बोलणं चुकीचं नव्हतं. अध्यक्षांचं बोलणं कधीच चुकीचं नसायचं.

शनिवारी जेवणं झाल्यावर काकांनी हॉलच्या फरशीवर चिकटपट्टीनं चौकोन आखला. तीन वेळा मोजला. मीनल नव्हती, शाळेच्या फुटबॉल सामन्याला बँडबरोबर गेली होती. मी वही घेऊन आकडे लिहायला. लोक पोट धरून हसत चौकोनात शिरायला लागले. बायका आधी एका कोपऱ्यात, पुरुष दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये आदबशीर मोकळी वाट. काकांनी ती वाट बंद केली. पंचविसापर्यंत गंमत चालली. त्यानंतर लोकांचे पाय एकमेकांना लागू लागले आणि प्रयोगाचा बोजवारा उडाला.

कारण पाय लागला की आपला माणूस काय करतो? वाकतो, समोरच्याला हात लावतो आणि कपाळाला लावतो. सोलापूरच्या एक मावशी लेकीकडे सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्यांचा पाय अध्यक्षांना लागला, त्या वाकल्या. वाकल्या त्या धक्क्यानं मागच्याचा पाय आणखी कुणाला लागला, तो वाकला. अध्यक्ष म्हणाले, "अहो मावशी, तुम्ही कशाला, तुम्ही मोठ्या," आणि ते स्वतः वाकले. एकाच वेळी आठदहा माणसं चौकोनात वाकलेली, बाकीची पट्टीबाहेर फेकली गेलेली. तीन वेळा असं झालं. एकोणतीसच्या वर गाडी जाईना.

"नमस्कार बंद!" काका ओरडले. "कैद्यांनी नमस्कार केले नव्हते!"

"असं कसं हो, पाय लागला तर?" मावशी म्हणाल्या.

"मावशी, पाप मला लागू द्या. तुम्ही सरळ उभ्या राहा."

नमस्कार थांबले. आणि मग तीस झाली, तेहतीस झाली, छत्तीस झाली. सदतिसावा मी स्वतः शिरलो, वही डोक्यावर धरून. श्वास घेताना पुढच्याची पाठ छातीला लागत होती, हात वर काढता येत नव्हते, पण पट्टीच्या बाहेर एकाचाही पाय नव्हता. काका चौकोनाभोवती गुडघ्यांवर फिरले. प्रत्येक बाजूला टेप धरून बघितलं. मग उठले, आणि त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला.

"मावतात," म्हणाले.

कुणीतरी खोटं हसलं. "मावतात," ते पुन्हा म्हणाले. "त्या कोपऱ्यात अजून एखादा मावेल. मी चाळीस वर्षं चूक बोलत होतो."

अध्यक्ष चौकोनातून बाहेर आले, कुडता सारखा केला. "काका, वेट अ मिनिट. म्हणजे आपण काय, त्यांच्या बाजूनं रिझल्ट द्यायचा? तुम्ही आहात कुणाच्या बाजूचे?"

"मावतात म्हणजे घडलं असं थोडंच आहे?" काका म्हणाले. "फक्त मावत नाहीत हे आता आपल्याला म्हणता यायचं नाही. आता खरा प्रश्न विचारू. एकाच माणसाच्या सांगण्यावरून हे जगानं का मानलं? किल्ल्यातून बरेच लोक आधीच पळून गेले होते, मग एवढे कैदी उरले कुठून? ते लिहू. आणि सदतीस मावले हेही लिहू."

"हे बोर्डाला समजणार नाही," अध्यक्ष म्हणाले.

मग सगळेच बोलायला लागले. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. इंग्रजांनी नाही केली एवढी बदनामी हा करणार. जे अर्ध्या तासापूर्वी काकांच्या पाठीवर थापा मारत होते, ते त्यांच्यासमोरून चकल्यांचे डबे उचलून बोलायचं टाळून निघून गेले. काका खाली बसून फरशीवरची चिकटपट्टी सोलत होते. मी त्यांना मदत केली, एवढं तरी मी त्या दिवशी केलं.

त्या संध्याकाळी त्यांनी मीनलला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं पोरगी फणकारेल. ती म्हणाली, "सो यू प्रूव्ह्ड युवरसेल्फ राँग? इन फ्रंट ऑफ ऑल ऑफ देम?" आणि त्यांच्या गळ्यात पडली. निबंध तिनं फाडला आणि नवा लिहिला: माझे वडील असं मानत होते, त्यांनी मोजलं, ते चुकले, आणि त्यांनी ते सगळ्यांसमोर सांगितलं. तो निबंध मी वाचलाय. त्यात तिचा बापाबद्दलचा अभिमान ओळीओळीत होता.

आता माझं. बोर्डाला द्यायचं पत्र टाईप करायचं काम माझ्याकडे होतं, कारण आमच्या विभागात नवा प्रिंटर होता. काकांनी मजकूर दिला, सदतीस आकड्यासकट. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला. "हे बघ, त्या लोकांनी मुद्दाम श्वास रोखून धरले होते. दॅट्स नॉट नॅचरल. कम्फर्टेबली किती उभे होते? बावीस. बावीसच लिही. चार पट म्हणजे अठ्ठ्याऐंशी. आणि ते एकच साक्षीदार वगैरे काढून टाक, लांबण लागतं." मी म्हटलं, काकांना विचारतो. "काकांचं मी बघतो," ते म्हणाले. "आणि तुझा रेझुमे मी आमच्याकडे दिलाय, समरसाठी."

मी बावीस टाईप केलं. मला कुणी धाक घातला नव्हता. मला उन्हाळ्याची नोकरी हवी होती, बस्स. ती मिळालीही, आणि पुढे व्हर्जिनियात हर्नडनला जी नोकरी लागली ती तिच्याच जोरावर. इतर लोकांवर रागावताना मी हे विसरत नाही.

सोमवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये बोर्डाची बैठक होती. बोलायला तीन मिनिटं. अध्यक्ष निळा सूट घालून पत्र वाचायला उभे राहिले. काका दुसऱ्या ओळीत, एका बाजूला मीनल, एका बाजूला मी. अध्यक्षांनी अगदी खणखणीत आवाजात वाचलं, की आमच्या प्रत्यक्ष प्रयोगात त्या जागेत बावीसपेक्षा जास्त प्रौढ माणसं सामावू शकली नाहीत.

काका उठले. परवानगी वगैरे काही नाही. "तो आकडा चूक आहे," इंग्रजीत म्हणाले. "सदतीस मावले. मी मोजलेत."

हॉलमध्ये खुसफूस झाली. बोर्डाच्या प्रमुख बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "मग या पत्रात बावीस कुणी लिहिलं?"

अध्यक्ष छताकडे बघू लागले. मी माझ्या बुटांकडे. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, अगदी एखाद्या क्षणापुरतं, आणि त्यांना सगळं कळलं.

"मी," ते म्हणाले.

"तुम्ही? तुम्हाला खरा आकडा माहीत असून?"

"हो."

पुढचं, म्हणजे एकच साक्षीदार, पळून गेलेले लोक, ते काही त्यांना बोलताच आलं नाही. तीन मिनिटं संपली होती. बाईंनी थंडपणे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. मैदानावरच्या दिव्यांचा. पुस्तकातलं पान तसंच राहिलं. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कुणा एकानं लिहिलेला आकडा कुणी तपासला का, हे त्या हॉलमध्ये कुणीही कुणाला विचारलं नाही. ज्यानं आपला आकडा स्वतः उभं राहून दुरुस्त केला, तो तेवढा खोटारडा ठरला.

गाडीत मी पुढे काकांशेजारी होतो, मीनल मागे. बरंच अंतर गेल्यावर तिनं विचारलं, "बाबा, यू टोल्ड मी थर्टी सेव्हन. देन यू रोट ट्वेंटी टू?"

"हो."

"व्हाय?"

काका गाडी चालवत राहिले. मी तिथेच बसलो होतो, तिच्यापासून हातभर अंतरावर, आणि मी तोंड उघडलं नाही.

दुसऱ्या सकाळी मी वर गेलो. ते पोह्यांना फोडणी देत होते. मी म्हटलं, "काका, तो आकडा..."

"शिक्षण किती राहिलं तुझं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"एक सेमिस्टर."

"मग ते पूर्ण कर. प्रयोगात खोटा आकडा घातलेला पोरगा म्हणून नाव झालं तर तुला इथे कोणी उभं करणार नाही."

"मीनलला तरी सांगतो."

"आता नको. तिला समजलं तर ती गावभर भांडत फिरेल, तोंड बंद ठेवायची नाही. तू पास झाला की सांग तिला." मग पोह्यांवर झाकण ठेवून म्हणाले, "पण तूच सांग. मी सांगितलं तर ते सबब सांगितल्यासारखं होईल."

त्यांचं काय झालं तेही सांगतो. गावच्या पेपरात चार ओळी आल्या, स्थानिक गृहस्थानं प्रयोगातला आकडा बदलल्याची कबुली दिली म्हणून. त्यानंतर त्यांच्या काँक्रीटच्या अहवालांवर त्यांच्या सहीखाली आणखी एक सही दिसू लागली, वीस वर्षांनी लहान असलेल्या एका माणसाची. मंडळानं त्यांना पुढच्या दिवाळीचं बोलावणं पाठवायचं नाही असा ठराव केला, आणि त्या ठरावावर हात वर करणाऱ्यांत चौकोनातले निदान वीस जण होते, ज्यांनी सदतीस मावलेले आपल्या बरगड्यांनी अनुभवले होते. मीनल घरात बापाशी नीट वागायची. पण पूर्वी ती त्यांच्या मोजण्याची थट्टा करायची, ते तिनं सोडून दिलं.

मी पास झालो. सामान बांधताना तिला सांगायचं ठरवलं होतं, तर ती बँडच्या शिबिराला गेलेली. मग फोनवर कसं सांगायचं. मग ती टेक्ससला कॉलेजात गेली, नंबर मिळवायला हवा होता. मग वाटलं, आता ती विसरली असेल. दर दिवाळीला मी काकांना फोन करायचो. ते हर्नडनला किती थंडी आहे ते विचारायचे, अंशांत. तिला सांगितलंस का, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. मी सांगितलं नसेन असं त्यांच्या मनातच आलं नसावं.

एकोणनव्वदच्या फेब्रुवारीत ते गेल्याचं कळलं. कॅन्सर होता, मीनलशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. मी गाडी काढून चार तासांवर त्या गावी गेलो. मीनल एकटीच दिवाणखान्यात खोक्यांमध्ये फायली भरत होती. दुपारची वेळ होती, तिनं मला कॉफी दिली. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. बावीस मी टाईप केलं होतं. त्यांना त्या हॉलमध्ये कळलं. पास झालो की तुला सांग, असं ते म्हणाले होते. मला वाटलं ती ओरडेल, निदान बाहेर हो म्हणेल, आणि मी मोकळा होईन. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

ती हातातली फाईल घेऊन खाली गालिच्यावर बसली.

"डॉक्टर सेड थ्री मंथ्स," ती इंग्रजीतच सांगत गेली. "बाबांनी फोन केला. ते रोज वजन करून कागदावर मांडत होते. म्हणाले, डॉक्टरचं चुकतंय, तीन आठवडे आहेत, ये. आय थॉट, त्यांना मी घरी यायला हवीय, म्हणून लहान नंबर सांगतायत. मी रूममेटला म्हटलंसुद्धा, माय डॅड डज दॅट, हवा तो नंबर लिहितो. परीक्षा संपल्यावरचं तिकीट काढलं, पंचविसाव्या दिवसाचं."

काका एकोणिसाव्या दिवशी गेले होते.

खोक्याला लावायची चिकटपट्टी तिच्या शेजारी पडली होती. तिनं ती उचलली नाही. माझ्याकडेही बघत नव्हती. मग तिनं मला मराठीत विचारलं, जी ती कधी बोलायची नाही.

"तू पास कधी झालास?"

"पंच्याऐंशीच्या मे महिन्यात," मी म्हटलं.